पुएब्ला (मेक्सिको) : चालत पाहिलेलं आणि चाखलेलं शहर

चिंचगूळ (धागाकर्ती)

गेल्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन पुएब्लाला जाऊन आले. मेक्सिको म्हटलं की आपली बहुतेक मंडळी कानकूनचा समुद्र बघून परत येतात. पुएब्लाबद्दल मराठीत सविस्तर लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही, म्हणून हा धागा. ज्यांनी पाहिलंय त्यांनी भर घालावी.

मेक्सिको सिटीच्या विमानतळावरून पुएब्लाला थेट बस मिळते. रस्ता मोकळा असेल तर दोन-अडीच तास. गाव समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरहून उंच, त्यामुळे ऑगस्टमध्येही सकाळी आईला शाल लागायची. दुपारी हमखास पाऊस. पश्चिमेला पोपोकातेपेत्ल हा जागृत ज्वालामुखी आहे, ५,४०० मीटरहून उंच. एका सकाळी ढग सरले आणि त्याच्या माथ्यावरचा धूर हॉटेलच्या गच्चीवरून स्वच्छ दिसला. आई बराच वेळ हात जोडून उभी होती.

आम्ही पायी फिरवणारी सहल घेतली. आठ माणसं आणि एक वाटाडी. ती पुएब्लातच वाढलेली, इतिहास शिकलेली. तिने आधी कॅथेड्रल दाखवलं नाही. एका चौकात आम्हाला उभं केलं आणि रस्त्यांच्या पाट्या वाचायला लावल्या. मधल्या चौकाच्या उत्तरेला आडवे रस्ते २, ४, ६ असे सम, दक्षिणेला ३, ५, ७ असे विषम. उभ्या रस्त्यांचंही तसंच, पूर्वेला सम आणि पश्चिमेला विषम. हे एकदा डोक्यात बसलं की नकाशा लागत नाही. आणि मग ती म्हणाली, "हे गाव वाढत वाढत झालेलं नाही, आखून वसवलेलं आहे." १६ एप्रिल १५३१ ही स्थापनेची तारीख. मेक्सिको सिटी आणि वेराक्रूसचं बंदर यांच्या वाटेवर स्पॅनिश लोकांना आपली अशी वस्ती हवी होती. शेजारचं चोलूला शतकानुशतकं जुनं, देवळांनी भरलेलं. ते सोडून थोड्या अंतरावर नवी आखणी केली. अर्थात दोरी धरणारे हात स्पॅनिश असले तरी दगड वाहणारे हात आसपासच्या गावांतल्या मूळ रहिवाशांचे होते, हेही तिने तिथेच सांगितलं.

तिथून ६ ओरिएंते या रस्त्यावर. याला मिठायांची गल्लीच म्हणतात. दोन्ही बाजूंना दुकानं, काचेमागे कामोते मांडलेले. कामोते म्हणजे रताळं. ते उकडून, साखरेत आटवून, लिंबू-संत्र्याचा स्वाद लावून त्याच्या बोटाएवढ्या वळकट्या करतात आणि मेणकागदात गुंडाळतात. आपल्या रताळ्याच्या गोड कापांची आठवण येते, पण हे जास्त मऊ, तोंडात विरघळणारं. दुसरी मिठाई सांता क्लाराची तोर्तिता. खाली बिस्किटासारखी खुसखुशीत चकती आणि वर भोपळ्याच्या बियांची गोड पांढरी साय. ही मिठाई त्याच रस्त्यावरच्या सांता क्लारा मठातल्या जोगिणींची (नन्सची).

आई मात्र एका हातगाडीपाशी थांबली ती थांबलीच. "अगं, ही तर राजगिऱ्याची चिक्की!" होती तीच. तिथे तिला आलेग्रिया म्हणतात, म्हणजे आनंद. मध किंवा गुळासारख्या पाकात फुलवलेला राजगिरा, वर शेंगदाणे आणि मनुका. राजगिरा मूळचा मेक्सिकोचा आहे हे आईला तिथे कळलं. स्पॅनिश येण्याआधी तिथले लोक राजगिऱ्याचं पीठ मळून देवांच्या मूर्ती करायचे, पूजा झाली की प्रसाद म्हणून खायचे. धर्मगुरूंना ते आपल्या धर्मविधीची नक्कल वाटलं आणि त्यांनी ते मोडून काढलं. आपण ज्या धान्याला उपासाला चालवून घेतलं, ते तिकडे देवाच्या अंगाचं धान्य होतं. आईने सहा वड्या घेतल्या. त्या दिवशी एकादशी नव्हती, तरी तिने पहिली वडी खाण्याआधी डोळे मिटले.

याच गोड रस्त्यावर एक घर आहे, ज्याच्या दर्शनी भिंतीवर गोळ्यांची भोकं तशीच ठेवली आहेत. ते आकिलेस सेर्दानचं घर. पोर्फिरिओ दियास यांच्या दीर्घ राजवटीविरुद्ध २० नोव्हेंबर १९१० रोजी उठाव करायचा ठरला होता. पुएब्लात सेर्दान कुटुंबाने घरात शस्त्रं जमवली. बातमी फुटली आणि १८ नोव्हेंबरलाच पोलीस-सैनिकांनी घराला वेढा घातला. आकिलेसची बहीण कार्मेन हातात बंदूक घेऊन बाल्कनीत आली आणि रस्त्यावरच्या लोकांना हाक दिली. ती जखमी झाली, पकडली गेली. आकिलेस फरशीखालच्या खड्ड्यात लपला होता, रात्री बाहेर येताच मारला गेला. तो खड्डा आजही दाखवतात. मी खाली वाकून पाहिलं. माणूस नीट बसूही शकणार नाही एवढीच जागा. मेक्सिकोच्या क्रांतीच्या पहिल्या गोळ्या इथे झडल्या.

मग सांता रोसा मठाचं स्वयंपाकघर. जमिनीपासून छतापर्यंत तालावेराच्या, म्हणजे पुएब्लातल्या हाताने रंगवलेल्या चकचकीत मातीकामाच्या फरश्या, मोठमोठ्या चुली, त्यावर मातीची भांडी. मोले पोब्लानोचा जन्म इथला, अशी आख्यायिका आहे. सोर आंद्रेआ दे ला आसुन्सियोन नावाच्या जोगिणीने कुणा बड्या पाहुण्यासाठी घरात होतं नव्हतं ते सगळं वाटून हा रस्सा केला म्हणे. आमच्या वाटाडीला ही गोष्ट मान्य नाही. मोले हा शब्दच मुळी तिथल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतला, "मोल्ली" म्हणजे रस्सा किंवा वाटण. मिरची, टोमॅटो, भोपळ्याच्या बिया वाटून केलेले रस्से तिथल्या बायका स्पॅनिश यायच्या कितीतरी आधी करत होत्या. मठांमध्ये लवंग, दालचिनी, मिरी, तीळ, बदाम त्यात पडले. मठात वाटायला बसणाऱ्या बायका कोण होत्या, असा तिचा प्रश्न. गोष्टीत नाव जोगिणीचं राहिलं, पाट्यावरच्या बाईचं नाही. मला हे फार खोलवर लागलं.

शेवटचा थांबा वाटाडीच्या मावशीच्या घरी. तिथे मेताते होतं. काळ्या ज्वालामुखी दगडाचा पाटा, पण तीन पायांवर उभा आणि वाटणाऱ्यापासून पुढे उतरता. वरवंटा पाट्यापेक्षा लांब, दोन्ही बाजूंना बाहेर येणारा. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी पुढे रेटायचा. वाटण आपोआप खाली सरकत जातं आणि टोकाशी ठेवलेल्या भांड्यात पडतं. आई बघत बसली, मग पदर खोचला आणि खुणेनेच "मी?" म्हणून विचारलं. मावशींनी जागा दिली. आईने पहिले चार हात आपल्या सवयीने मागे-पुढे ओढले, तसं वाटण तिच्याकडे येऊ लागलं. मावशींनी मागून तिच्या मनगटांवर हात ठेवले आणि फक्त पुढे, फक्त पुढे असं करून दाखवलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. दहा मिनिटांत आईचं वाटण मावशींच्या इतकं बारीक आलं, आणि मावशींनी ते दोन बोटांत चोळून बघितलं, मान हलवली.

जेवणाचं आणि कातारिना दे सान हुआन हिच्याबद्दलचं नंतर लिहिते. ही आपल्याकडून गुलाम म्हणून नेलेली मुलगी, तिथे ला कोंपानिया चर्चमध्ये पुरलेली आहे.

रानमोगरा

फार सुंदर लिहिलंयस. आईंचा मेतातेचा प्रसंग दोनदा वाचला. आम्ही डिसेंबरात जायचा विचार करतोय. घरातले तिघे शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. उपाशी राहायची वेळ येईल का? आणि व्हिसाचं काय?

चिंचगूळ

धन्यवाद गं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. तरी तिकीट काढण्याआधी एकदा खात्री करून घे.

उपाशी राहणार नाही, पण विचारावं लागतं, आणि नेमकं विचारावं लागतं. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. घेवड्याच्या बिया बहुतेक ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात, तिला मांतेका म्हणतात. भात आणि मोले कोंबडीच्या पाण्यात शिजतात, ते काल्दो दे पोयो. हे दोन शब्द पाठ कर आणि प्रत्येक पदार्थाला विचार. आम्हाला एका ठिकाणी शाकाहारी म्हणून आणून दिलेल्या बियांत मांतेका निघाली. आईने दोन घास खाल्ल्यावर कळलं. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी नंतर फक्त फळं खाल्ली. माझी चूक होती, मी विचारलं नव्हतं.

काय चालतं ते सांगते. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे आत सारण घालून दुमडलेली पोळी. निवडुंगाची भाजी, नोपालेस, चिरल्यावर भेंडीसारखी तार सुटते. वित्लाकोचे, म्हणजे मक्याच्या कणसावर येणारी काळी काणी. आपल्याकडे शेतकरी काणी आली की कणीस उपटून फेकतो, तिथे ती जास्त भावाने विकली जाते. मश्रूमसारखी मातकट चव. आईने नाव ऐकूनच नको म्हटलं, मला आवडली. आणि सेमिता नावाचा पाव, वर तिळांचा थर, आत तंतू-तंतू सुटणारं ताजं चीज, अव्होकाडो, चिपोत्ले मिरची. मटण-चिकनचा तुकडा वगळून मागता येतो. त्यात पापालो नावाचा पाला घालतात, वास उग्र असतो. पहिल्यांदा दोनच पानं घालून घ्या.

काळा मसाला

मोले म्हणजे चॉकलेटची आमटी असं मी आजवर समजत होतो. लॉस एंजेलिसमध्ये एकदा खाल्लं होतं, गोडमिट्ट होतं, पुन्हा वाटेला गेलो नाही. मूळ प्रकार वेगळा असतो का? आणि घरी जमण्यासारखा आहे का? सविस्तर कृती दिलीस तर उपकार होतील.

चिंचगूळ

चॉकलेट त्यात असतं, पण ताटातल्या मिठाइतकंच त्याचं काम. मावशींनी पातेलंभर मोलेमध्ये अर्ध्या मुठीएवढं टाकलं, तेही शेवटी. खरा जीव वाळलेल्या मिरच्यांचा. पुएब्लाचं मोले तीन-चार मिरच्यांवर उभं आहे. मुलातो काळपट, तिला मनुकेसारखा गोडवा. आंचो म्हणजे आपण ताजी पाहतो त्या पोब्लानो मिरचीला पिकवून वाळवलेली. पासिया लांब, सुरकुतलेली. आणि थोडी चिपोत्ले, धुरावलेली हालापेन्यो, ती तिखटपणासाठी.

काळा मसाला करणाऱ्याला हे सगळं ओळखीचं वाटेल. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा किंवा तळायचा, एकत्र नाही. मिरच्यांच्या बिया काढून त्या तेलात टाकायच्या, फुगल्या आणि रंग बदलला की लगेच बाहेर. मग गरम पाण्यात भिजत. त्याच तेलात बदाम, शेंगदाणे, मनुका, पिकलेल्या राजेळी केळ्यासारख्या केळ्याचे काप, शिळी तोर्तिया (मक्याची पोळी), शिळ्या पावाचा तुकडा. तीळ कोरडे भाजायचे. लवंग, मिरी, दालचिनी, बडीशेपेसारखे अनीसचे दाणे थोडेच. टोमॅटो, कांदा, लसूण तव्यावर डाग पडेपर्यंत. तोर्तिया आणि पावामुळे रस्सा दाट होतो, जसा आपल्याकडे भाजलेलं खोबरं आणि कांद्याचं वाटण रस्सा धरून ठेवतं.

मग वाटायचं, आणि इथे कंटाळा करायचा नाही. मिक्सरमध्ये केलं तर गाळून घ्यायचं. वाटण पुन्हा तेलात परतायचं, कडेने तेल सुटेपर्यंत. मग पाणी किंवा भाज्यांचं उकडलेलं पाणी घालून मंद आचेवर तासभर. सतत ढवळायचं, कारण खाली लागतं. चॉकलेट आणि चिमूटभर साखर शेवटी. लाडवाला लावतो तसे वरून भाजलेले तीळ.

आम्ही मावशींकडे ते भात आणि उकडलेल्या बटाट्यांबरोबर खाल्लं, आमच्यासाठी पाण्यात केलेलं. पहिल्या घासाला तिखट, मग गोडसर, मग लवंग, आणि अगदी शेवटी किंचित कडू. ती कडू चव असलीच पाहिजे म्हणाल्या.

तिथे एक म्हण आहे. जो माणूस प्रत्येक कार्यात पुढे असतो त्याला "सगळ्या मोल्यांमधला तीळ" म्हणतात. तिळाचं मूळ आपल्याकडचं आहे हे मी सांगितलं, तेव्हा मावशींना फार गंमत वाटली.

दर्यावर्दी

कातारिनाचं नाव वाचून लिहितोय. हा माझ्या आवडीचा विषय आहे.

तिचं बाळपणीचं नाव मिर्रा असं सांगतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मुघल राज्यात जन्म. पोर्तुगीज लुटारूंनी पळवलं, कोचीला आणलं, तिथे बाप्तिस्मा झाला आणि कातारिना दे सान हुआन हे नाव मिळालं. मग मनिला. मनिलाहून दरवर्षी प्रशांत महासागर ओलांडून आकापुल्कोला गलबत जायचं. १५६५ पासून १८१५ पर्यंत, अडीचशे वर्षं. रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले, आणि माणसंही. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगाल आणि स्पेन एकाच राजाखाली होते. त्यामुळे गोवा-कोची-मलाक्का-मनिला अशी गुलामांची वाट सोपी झाली. त्याच वाटेने ही मुलगी पुएब्लाला पोचली, मिगेल दे सोसा या कप्तानाच्या घरी. तो वारल्यावर मुक्त झाली आणि पुढचं आयुष्य प्रार्थनेत आणि मोलमजुरीत काढलं. ५ जानेवारी १६८८ रोजी गेली, तेव्हा तिच्या अंत्ययात्रेला अख्खं गाव लोटलं होतं.

तिचा कबुलीजबाब ऐकणाऱ्या धर्मगुरूंपैकी आलोन्सो रामोस या जेझुइट पंथाच्या पाद्र्याने तिचं तीन खंडांचं चरित्र लिहिलं. ते इतकं चमत्कारांनी भरलेलं होतं की धर्मन्यायालयाने त्यावर बंदी घातली. म्हणून तिच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते त्याच चाळणीतून. ती राजकन्या होती असं चरित्र म्हणतं. मला त्यापेक्षा एवढंच पुरेसं वाटतं की ती आपल्याकडची कुणाची तरी मुलगी होती.

तिला "चिना" म्हणत. त्या काळी मेक्सिकोत आशियातून आलेल्या प्रत्येकाला चिनो म्हणायचे, मग तो गुजरातचा असो की फिलिपिन्सचा.

जुनी वही

मेक्सिकोच्या नृत्यांत दिसणारा तो प्रसिद्ध "चिना पोब्लाना" वेष म्हणजे हिचाच ना? घोळदार, टिकल्या लावलेला घागरा, पांढरा भरतकामाचा झंपर आणि ओढणीसारखी रेबोसो? मी वाचलं होतं की तो आपल्या घागरा-चोळीवरून आला.

दर्यावर्दी

वाचायला छान वाटतं, पण तसं मानायला आधार नाही. कातारिना आयुष्यभर साध्या, काळपट कपड्यांत राहिली असं तिचे चरित्रकारच सांगतात. तो भडक घागरा एकोणिसाव्या शतकातला, शहरी मेक्सिकन बायकांचा. "चिना" हा शब्द तेव्हा तिथल्या सामान्य स्त्रीलाही लावत. नाव जुळलं म्हणून पुढे दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या. आपण हौसेने तो वेष आपला म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. तिने सोसलेलं खरं आहे, त्याला ओढून-ताणून दागिने नकोत.

आपल्या ताटात मात्र तिकडचं भरपूर आलं, आणि ते निर्विवाद आहे. मिरची, मका, पेरू, सीताफळ, राजगिरा. चिकू हे नावसुद्धा तिथल्या चिकोसापोते या शब्दातून. विचार करा, मिरची येण्याआधी कोकणात तिखटपणासाठी मिरी आणि पिंपळी होती.

चिंचगूळ

दर्यावर्दी, मनापासून आभार. आमच्या वाटाडीने हे सगळं सांगितलं नव्हतं. ती आम्हाला ला कोंपानियात घेऊन गेली आणि म्हणाली, "तुमच्या देशातलं कुणी आलं की मी इथे आणते." आईने सोबतच्या पिशवीतून आलेग्रियाची एक वडी काढली, आणि मग हे चर्च आहे हे लक्षात येऊन परत ठेवली. बाहेर आल्यावर तिने ती पायरीवर बसलेल्या एका लहान मुलीला दिली.

आणखी एक शब्द सापडला तो सांगते. तिथे एक अठराव्या शतकातलं घर आहे, पांढऱ्या चुन्याच्या नक्षीने भरलेलं, जणू साखरेचं. त्याला कासा देल आल्फेन्यिके म्हणतात. आल्फेन्यिके म्हणजे साखरेची लगदी करून केलेली मिठाई. हा शब्द स्पॅनिशमध्ये अरबीतून आला, अरबीत फारसीतून, आणि मुळात संस्कृत फाणित, म्हणजे आटवलेला उसाचा रस, आपली काकवी.

जुनी वही

मी ग्रंथपाल म्हणून अठ्ठावीस वर्षं काम केलं, त्यामुळे विचारल्याशिवाय राहवत नाही. पालाफोक्सियाना ग्रंथालय पाहिलं का?

चिंचगूळ

पाहिलं, ताई. तुमच्यासाठीच सांगते. बिशप हुआन दे पालाफोक्स यांनी १६४६ मध्ये स्वतःचे ५,००० ग्रंथ दिले, आणि वाचता येणाऱ्या कुणालाही ते खुले असावेत अशी इच्छा ठेवली. लांबच लांब दालन, दोन्ही बाजूंना लाकडी कोरीव कपाटांचे तीन मजले, वर घुमटाकार छत. आता ४५,००० च्या आसपास ग्रंथ आहेत. २००५ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. आत बोलायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. मी तिथे उभी राहून फक्त वास घेतला, जुन्या लाकडाचा आणि कातड्याचा.

मुक्कामपोस्ट

मी पुण्याच्या चाकणचा, फोक्सवागनच्या कामासाठी पुएब्लात दोन वर्षं होतो. तिथे त्यांचा मोठा कारखाना आहे. जुनी बीटल जगात सगळ्यात शेवटी तिथेच बनली, जुलै २००३ मध्ये. धागा वाचून घर आठवावं तसं ते गाव आठवलं.

थोडी भर घालतो. चोलूला चुकवू नका. पुएब्लाला लागूनच आहे. दुरून बघितलं तर टेकडी आणि टेकडीवर चर्च. ती टेकडी नाही, घनफळाने जगातला सगळ्यात मोठा पिरॅमिड आहे, मातीच्या विटांचा. बाजू ४०० मीटर किंवा त्याहून जास्त. वर गवत-झाडं वाढली, मग स्पॅनिशांनी माथ्यावर चर्च बांधलं. १९३१ पासून पुरातत्त्वज्ञांनी आत खोदलेली भुयारं सगळी मिळून ८ किलोमीटर भरतात. आणि हेही विसरू नये, ऑक्टोबर १५१९ मध्ये स्पॅनिश आक्रमक कोर्तेसच्या माणसांनी याच चोलूलात हजारोंची कत्तल केली. मी दर रविवारी वर चढायचो. सकाळी आठला गेलात तर ज्वालामुखी समोर आणि माणूस एकही नाही.

५ मेबद्दलही. अमेरिकेत त्याला मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन समजतात, तो नव्हे. स्वातंत्र्याची हाक १६ सप्टेंबर १८१० ची. ५ मे १८६२ ला पुएब्लाच्या लोरेतो आणि ग्वादालुपे किल्ल्यांवर जनरल इग्नासिओ सारागोसाने फ्रेंच फौजेला मागे रेटलं. राष्ट्राध्यक्ष हुआरेसने परदेशी कर्जफेड थांबवली म्हणून फ्रेंच आले होते. सारागोसा त्या वेळी ३३ वर्षांचा होता, सप्टेंबरात तापाने गेला. पुढच्या वर्षी फ्रेंचांनी शहर वेढा घालून घेतलंच, पण त्या एका दिवसाचा अभिमान तिथल्या माणसाला आजही आहे. शाळेतली मुलं संचलन करतात. मी फुटपाथवर उभा राहून दोन्ही वर्षं पाहिलं.

खाण्यात ताको आराबे राहिले. लेबनॉन-इराकहून आलेल्या लोकांनी १९३० च्या दशकात आणलेला प्रकार. उभ्या सळईवर भाजलेलं मांस, मक्याच्या तोर्तियाऐवजी गव्हाच्या जाडसर रोटीत. मूळ मेंढीचं, आता डुकराचं. मांसाहारींनी खावंच.

रानमोगरा

मुक्कामपोस्ट, सहल पायी घ्यावी की बसने? आमच्या ओळखीच्यांनी बसची घेतली होती, एका दिवसात पुएब्ला, चोलूला आणि आणखी दोन गावं. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. एका भांड्यांच्या दुकानात मात्र दीड तास. फार खट्टू होऊन आले.

मुक्कामपोस्ट

पायी. मध्यवर्ती भाग सपाट आहे, वयस्कर माणूसही आरामात चालतो. सहलीआधी विचारून घ्या की दुकानात किती वेळ थांबणार.

तालावेरा घ्यायची असेल तर खरी ओळखायला शिका. खऱ्या भांड्याच्या तळाशी कारागिरांचं चिन्ह आणि कारखान्याचं नाव हाताने लिहिलेलं असतं. रंग हाताने लावलेला, बोट फिरवलं तर किंचित उंचवटा लागतो. पांढरा रंग दुधासारखा, कागदासारखा नाही. निळा कोबाल्टचा. तो महाग होता म्हणून जुन्या काळी निळी भांडी श्रीमंतांची. नक्षीत चिनी ढब दिसेल, ती मनिलाच्या त्याच गलबतांमुळे. २०१९ मध्ये युनेस्कोने या कलेची नोंद घेतली. किंमत बघून दचकाल, पण एक वाटी आणली तरी पुरे. स्वस्तातली रस्त्यावर मिळते, ती वेगळी, ती शोभेला ठेवा, खायला वापरू नका.

चिंचगूळ

डिसेंबरात जाणाऱ्यांना एक गोष्ट मिळणार नाही, चिलेस एन नोगादा. ती फक्त जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. ताजे अक्रोड आणि डाळिंब तेव्हाच येतात. पोब्लानो मिरची भाजून सोलायची, आत खिमा आणि सफरचंद, नासपती, पीच यांचे तुकडे, वर अक्रोडाचा पांढरा रस्सा, डाळिंबाचे दाणे आणि हिरवा पाला. झेंड्याचे तीन रंग. १८२१ मध्ये स्वातंत्र्य मिळवणारा सेनानी इतुर्बिदे पुएब्लात आला तेव्हा मठातल्या जोगिणींनी केलं, अशी गोष्ट.

मी मांस खाते म्हणून खाल्लं. मला पदार्थापेक्षा आदल्या दिवशी मंडईत पाहिलेल्या बायका जास्त आठवतात. जमिनीवर बसून ओल्या अक्रोडाच्या गराचं पातळ साल नखाने सोलत होत्या, एकेका फोडीचं. ते साल राहिलं तर रस्सा कडू होतो आणि पिवळट पडतो. एका ताटाला पंचवीस-तीस अक्रोड. त्यांच्या बोटांची टोकं काळी झाली होती, जशी आमच्याकडे कच्ची केळी सोलल्यावर होतात. ताट समोर आलं तेव्हा मी ती बोटं बघत होते.

काळा मसाला

रविवारी मोले केलं. दिवसभर लागला. घरच्यांनी बोटं चाटली, पण कडूपणा जरा जास्तच झाला. कुठे चुकलं असेल?

चिंचगूळ

मिरची तेलात जास्त वेळ राहिली असणार. एकही काळी पडली तर ती काढून टाकायची, वाटणात घेतली की सगळ्यात उतरते. तेल फार कडक नको. आणि भिजवलेलं पाणी चाखून बघ. कडू लागलं तर ओतून दे, साधं पाणी घाल.

आईने सांगलीला परतल्यावर तिच्या पाट्यावर केलं. आंचो मिळेना म्हणून ब्याडगी घेतली. रंग आला, पण तो मनुकेचा गोडवा ब्याडगीत नसतो, म्हणून मूठभर काळ्या मनुका जास्त घातल्या आणि खजुराची एक फोड. काल फोनवर म्हणाली, आता जमतंय. फक्त पाट्यावर बसली की हात अजून सवयीने मागे येतो, आणि मग तिला मावशींचे हात आठवतात.